वेगाचा लगाम

घोड्याची पारख करणारे जाणते लोक त्याच्या चालीआधी त्याचे तोंड पाहात. तो किती धावतो हा पुढचा प्रश्न. लगाम मानतो की नाही, हा पहिला. ज्या ग्वाल्हेरच्या परिसरात महादजी शिंद्यांच्या घोडदळाच्या टापा घुमल्या, त्या ग्वाल्हेरास हा व्यवहार कोणी शिकवावयास नको होता. परंतु घोड्याची जागा मोटारीने घेतली आणि हे साधे शहाणपण पुष्कळसे मागे पडले. मोटार घेताना तिची अश्वशक्ती किती, ती ताशी किती किलोमीटर धावते, शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंदांत पोहोचते, हे प्रश्न हिरीरीने विचारले जातात. ती थांबते कशाच्या बळावर, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न पुढे येतो तो चाकाच्या आऱ्यांमधून दिसणारी ब्रेकची लोखंडी चकती झिजू लागली म्हणजे. जुनी चकती काढून नवी कोणती बसवावी, ही वरवर पाहता कारागिराची बाब आहे. पण तिच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा एक धागा ग्वाल्हेरातून गेलेला आहे.

माधवराव शिंदे १८८६ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, ग्वाल्हेरच्या गादीवर आले आणि १९२५ च्या जून महिन्यात पॅरिस येथे निवर्तले. यंत्रांची आवड हा त्यांच्या स्वभावाचा ठळक विशेष होता. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ग्वाल्हेरची छोटी रेल्वे त्यांच्याच कारकिर्दीत विस्तारली. श्योपूरपर्यंत गेलेला तिचा सुमारे २०० किलोमीटरांचा मार्ग २०२० सालापर्यंत चालू होता. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी तर सर्वश्रुतच आहे. पाहुण्याने तिच्यावरील सुरई उचलली की ती जागच्या जागी थांबे; सुरई परत ठेवली की पुन्हा चालू लागे. राजवाड्यातले प्रेक्षक या थांबण्याचे कौतुक करीत आले आहेत आणि ते योग्यच आहे. मात्र त्या गाडीस थांबणे सोपे जाते याचे कारण एवढेच की तिचे वजन थोडे आणि वेग मुंगीचा. वजन आणि वेग वाढले म्हणजे थांबणे ही किती अवघड गोष्ट होते, हे त्याच महाराजांच्या दुसऱ्या एका वाहनाच्या कथेतून दिसते.

१९०७ साली रोल्स-रॉईस कंपनीच्या ४०/५० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी मोटारीने इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर १४,३७१ मैलांची धाव पुरी करून नाव मिळविले. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव त्याच मोटारीचे; पुढे ते साऱ्या जातीसच चिकटले. तिची कीर्ती झाली ती न थांबण्याबद्दल. यंत्र बिघडून ती वाटेत अडली नाही, हाच तिचा पराक्रम मानला गेला. याच जातीची एक मोटार मुंबईस आली आणि १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणीत उतरली. अंतर सुमारे ६२० मैल. वाटेत सहा घाट. ही परीक्षा तिने उत्तम रीतीने पार पाडली आणि माधवराव महाराजांनी ती विकत घेतली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचे मोती, या नावाने ती ओळखली जाते. सह्याद्रीचे घाट पालथे घातलेली मोटार अशा रीतीने चंबळेकाठच्या संस्थानात येऊन दाखल झाली.

या चाचणीचे वर्णन करताना चढणीचाच विचार बहुधा मनात येतो. मात्र मुंबईहून कोल्हापूरास जाऊन परत यावयाचे म्हणजे जेवढे चढावयाचे तेवढेच उतरावयाचे असते. बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावे महाराष्ट्रातील गाडीवानाच्या तोंडची. भरलेली बैलगाडी घाट उतरताना चाकावर लाकडाचा ठोकळा दाबून धरीत, आणि गाडी थोपविली की चाकाखाली धोंडा सारीत. बैलांच्या मानेवर भार येऊ न देणे ही गाडीवानाची सर्वांत मोठी विद्या होती. मोटारीस बैल नव्हते, पण तोच भार होता आणि वेग कितीतरी अधिक होता. दोन टन वजनाची मोटार पाचशे मीटर उंचीवरून खाली आणताना जी शक्ती आवरावी लागते, ती सगळी उष्णतेत बदलली तर तीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. यातील काही भाग हवेच्या आणि इंजिनाच्या विरोधात खर्ची पडतो. उरलेला सर्व ब्रेकला गिळावा लागतो. ब्रेक वेग नाहीसा करीत नाही, वेगाची उष्णता करतो. ही उष्णता ठेवावयाची कोठे आणि घालवावयाची कशी, हाच ब्रेकच्या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

महाराजांच्या त्या मोटारीस पुढच्या चाकांना ब्रेक मुळीच नव्हते. पायाने दाबावयाचा ब्रेक गिअरपेटीच्या मागे, इंजिनाची गती चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर बसविलेला होता. हाताने ओढावयाचा ब्रेक मागील दोन चाकांच्या ड्रमांत काम करी. १९१३ च्या सुमारास कंपनीने पायाचा ब्रेकही मागील चाकांवर नेला. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी घसरेल, उलटेल, अशी धास्ती त्या काळी पुष्कळांना वाटे. वस्तुतः गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड वाढते. म्हणून थांबविण्याचे खरे सामर्थ्य पुढेच असते. हे मान्य होण्यास पहिले महायुद्ध संपावे लागले. १९१९ साली हिस्पानो-सुइझा कंपनीने चारही चाकांना ब्रेक आणि चालकाच्या पायाला यंत्राची मदत, अशी योजना आणली. ती पद्धत परवान्याने घेऊन रोल्स-रॉईसने १९२४ साली आपल्या मोटारींना चारही चाकांचे ब्रेक दिले. माधवरावांच्या हयातीतील हा शेवटचा मोठा बदल म्हणावा लागेल.

या सर्व काळात उष्णतेशी झगडा चालूच होता. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक उद्योगी गृहस्थ होता. उतारावर गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचे चामडे ठोकतात, हे त्याने पाहिले आणि त्यातून ब्रेकच्या अस्तराची कल्पना त्यास सुचली. १८९७ साली त्याने आपला कारखाना सुरू केला. ‘फेरोडो’ हे त्याच्या मालाचे नाव त्याच्याच आडनावातील अक्षरांची फिरवाफिरव करून झालेले आहे. पुढे अस्तरात अॅस्बेस्टॉसचे तंतू आले आणि तापमान सोसण्याची शक्ती वाढली. त्या तंतूंची धूळ फुफ्फुसास घातक आहे, हे पुरते कळून ती वस्तू अनेक देशांत बंद होण्यास मात्र विसावे शतक संपत आले. थांबविण्याच्या साधनाने घेतलेले हे बळी रस्त्यावर दिसले नाहीत. ते कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या शाळांत पडले.

चकतीच्या ब्रेकची कल्पना, आश्चर्य असे की, ड्रमच्या ब्रेकइतकीच जुनी आहे. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रमच्या ब्रेकला आकार दिला. त्याच साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने चकतीच्या ब्रेकचा एकाधिकार नोंदविला. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे दोन ठोकळे, एवढीच ही योजना. पण लँचेस्टरच्या ठोकळ्यांना तांब्याचे अस्तर होते. धातूवर धातू घासून असा काही कर्कश किंकाळा उठे की, आत बसणारे आणि बाहेर चालणारे दोघेही हैराण होत. शिवाय त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरील धूळ-चिखल उघड्या चकतीस लागे. ड्रम झाकलेला असल्याने बचावे. त्यामुळे चकती जवळजवळ अर्धे शतक बाजूस पडून राहिली.

दरम्यान वेग वाढतच होते. मराठी संस्थानांतही त्याची उदाहरणे सापडतात. ग्वाल्हेरहून दक्षिणेस निघालेला आग्रा-मुंबई रस्ता शिवपुरी, गुणा करीत ज्या इंदूरास पोहोचतो, तेथील यशवंतराव होळकर महाराजांना वेगवान मोटारींचा विलक्षण नाद होता. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग एसजे ही मोटार घेतली. तिची अश्वशक्ती ३२० सांगितली जाते आणि तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविला होता. ड्यूझेनबर्ग कंपनीनेच १९२१ साली, तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक चारही चाकांना प्रथम दिले होते. पायाचा दाब तारा-दांड्यांऐवजी बंद नळीतील द्रवाने सर्व चाकांपर्यंत सारखा पोहोचू लागला. तरीही त्या नळीच्या टोकाशी होता तो ड्रमच. ड्रमचा दोष असा की, तो तापला म्हणजे फुगतो आणि आतील अस्तरापासून दूर सरकतो. झाकलेला असल्याने त्याची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. चालक पाय दाबीत राहतो, आणि दर वेळी गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. घाटात हा अनुभव जिवावर बेततो.

चकतीचे पुनरुज्जीवन विमानांनी केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जड विमाने धावपट्टीवर थांबविण्यासाठी डनलॉप कंपनीने चकतीचे ब्रेक विकसित केले आणि पुढे जॅग्वार कंपनीच्या सहकार्याने ते मोटारीस लावले. १९५२ साली रीम्स येथे स्टर्लिंग मॉस याने अशा मोटारीतून शर्यत जिंकली. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वार सी-टाईप मोटारीने ताशी १०५.८५ मैल सरासरीने पहिला क्रमांक पटकाविला. त्या मार्गावर सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी एकदम तीव्र वळण आहे. इतर गाड्या जेथे वेग कमी करू लागत, त्याच्या पुढे कितीतरी अंतर जॅग्वार पूर्ण वेगाने जाई, आणि हे ती चोवीस तास करू शके. तेथे शर्यत जिंकण्यात इंजिनाइतकाच ब्रेकचा वाटा होता.

दोनच वर्षांनी त्याच मार्गावर या विद्येची दुसरी, काळीकुट्ट बाजू जगाने पाहिली. ११ जून १९५५ रोजी चकतीचे ब्रेक असलेल्या एका जॅग्वारने थांब्याकडे वळण्यासाठी वेग झपाट्याने उतरविला. तिच्यामागील गाडीस बाजूला सरावे लागले, आणि तीमागून भर वेगात आलेली, ड्रमचे ब्रेक असलेली मर्सिडीज त्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत उडाली. ८० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. अपघाताची कारणे अनेक होती: मार्ग अरुंद होता, प्रेक्षक जवळ होते, निर्णयास क्षणभराचाही अवधी नव्हता. परंतु एकाच रस्त्यावर थांबण्याची शक्ती अगदी भिन्न असलेली वाहने एकामागे एक धावत होती, ही गोष्टही त्या कारणांत मोजली जाते. भारतातील कोणत्याही महामार्गावर ही स्थिती नित्याची आहे. उत्तम ब्रेकची मोटार पुढे आणि भरलेली मालमोटार मागे, असे चित्र आग्रा-मुंबई रस्त्यावर दर मैलास दिसते. सेंधव्याजवळचा बिजासन घाट किंवा इगतपुरीखालचा कसारा घाट उतरणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. आपला ब्रेक चांगला असणे म्हणजे मागच्याचा चांगला असणे नव्हे, ही ल मांची शिकवण घाटातही खरीच आहे.

१९५५ सालीच फ्रान्सच्या सिट्रोएन डीएस मोटारीने पुढच्या चाकांस चकत्या देऊन हा ब्रेक सामान्य ग्राहकाच्या दारी आणला. चकत्या सर्वत्र झाल्या तशा त्या झिजूही लागल्या, आणि बदलीच्या चकत्यांचा एक नवा धंदाच उभा राहिला. इटलीतील बेर्गामो शहराजवळ १९६१ साली ब्रेंबो नावाचा एक छोटा कारखाना निघाला. त्या देशात तोवर अशा चकत्या इंग्लंडहून येत. १९६४ साली या कारखान्याने सुट्या भागांच्या बाजारासाठी इटलीतील पहिल्या चकत्या ओतल्या. शर्यतींच्या जगात आज प्रमाण मानले जाणारे हे नाव अशा रीतीने बदलीच्या चकत्यांतूनच उदयास आले. भारतात मात्र ड्रमचे राज्य दीर्घ काळ टिकले. अँबॅसिडर आणि फियाट-पद्मिनी या मोटारींवर दोन पिढ्या गाडी चालविण्यास शिकल्या त्या ड्रमच्याच भरवशावर. १ एप्रिल २०१९ पासून मात्र सर्व नव्या मोटारींस, चाके अडकू न देणारी एबीएस ही योजना कायद्याने सक्तीची झाली.

ग्वाल्हेरात या इतिहासाचा आणि बाजाराचा मेळ पुन्हा बसला तो माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेल्या मेळ्यात. गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेला हा मेळा पुढे व्यापाराचा मोठा उत्सव झाला. अलीकडे काही वर्षी राज्य शासनाने तेथे विकल्या जाणाऱ्या वाहनांना रस्ताकरात ५० टक्के सवलत दिली, आणि जेथे एके काळी बैलाचे दात पाहिले जात तेथे महागड्या, वेगवान मोटारींचे सौदे होऊ लागले. किंमत जितकी मोठी तितकी सवलतीची रक्कम मोठी, म्हणून भारी मोटारींकडे ग्राहकांचा ओढा विशेष. या मोटारींच्या चकत्या तीन-चार वर्षांत, कधी त्याआधीही, बदलाव्या लागतात. सवलत गाडीवर मिळते. गाडी राखण्याचा विवेक ज्याचा त्याने आणावयाचा असतो.

हा विवेक उष्णतेच्या हिशेबापासून सुरू होतो. सोळाशे किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेत सुमारे दोन लिटर पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी २०० किलोमीटर झाला, की हीच उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आठ लिटरांहून अधिक पाणी उकळेल. तीतील सुमारे सत्तर टक्के भार पुढील दोन चकत्या उचलतात. चकती नऊ किलोची असली तर पहिल्या थांब्यात ती सुमारे ५० अंशांनी तापते, दुसऱ्यात सुमारे २०० अंशांनी. चकती सात किलोचीच असली तर दुसरा आकडा २७० च्या घरात जातो. ग्वाल्हेरच्या जेठ महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते, म्हणून ब्रेकचे तेथे हाल होत असतील, असे सहज वाटते. पण चकतीच्या शेकडो अंशांपुढे हवेतील वीस अंशांचा फरक किरकोळ आहे. खरा प्रश्न चकतीच्या अंगी किती वजन आहे हा आहे. स्वयंपाकघरात हे तत्त्व रोज अनुभवास येते. बिडाचा जाड तवा सावकाश तापतो आणि आच सांभाळून घेतो. पातळ पत्रा क्षणात लाल होतो. ब्रेकच्या बहुतेक चकत्याही बिडाच्याच असतात. बीड स्वस्त आहे, उष्णता चांगली वाहून नेते, आणि त्यातील कार्बनच्या पापुद्र्यांमुळे कंप व आवाज शमतात. शंभर वर्षांत त्याची जागा सर्वस्वी कोणी घेऊ शकले नाही.

बाजारात मात्र चकतीचे अनेक अवतार दिसतात. साधी भरीव चकती हलक्या गाड्यांस आणि मागच्या चाकांस पुरते. वेगवान मोटारीस पुढे पोकळ चकती लागते. दोन तबकड्यांच्या मधल्या पडद्यांतून हवा खेळते आणि उष्णता निघून जाते. काही चकत्यांतील हे पडदे वाकडे असतात. अशा वेळी डावी आणि उजवी चकती निराळी असते आणि ती अदलाबदलीने बसविली तर हवा नीट खेळत नाही. भोके पाडलेली चकती देखणी दिसते. जुन्या काळी ब्रेकचे पॅड तापून वायू सोडीत, त्यास वाट मिळावी म्हणून ही भोके निघाली; पावसात पाण्याचा थरही त्यांमुळे लवकर फुटतो. आजचे पॅड तसा वायू फारसा सोडीत नाहीत. उलट भोकांमुळे वजन घटते, आणि वारंवार तापून-निवून भोकाच्या कडेस तडे जाऊ शकतात. खाचा पाडलेली चकती या बाबतीत अधिक टिकाऊ. ती पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, पण पॅड लवकर झिजविते आणि थोडा घरघराट करते. मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि कडे बिडाचे, अशी दोन तुकड्यांची चकतीही मिळते. तापून फुगणाऱ्या कड्यास तीत मोकळीक असते आणि चाकावरील भार हलका होतो. २००१ साली पोर्शे कंपनीने ९११ जीटी२ या मोटारीस कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या दिल्या. त्या वजनाने निम्म्या, उष्णतेस दाद न देणाऱ्या आणि गंजापासून मुक्त. पण किंमत अशी की, त्या बदलावयाच्या म्हटल्या तर साध्या मोटारीचे मोल पडावे.

यांतून निवड करताना एक मोठा भ्रम दूर सारणे अवश्य आहे. मोठी चकती बसविली म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते, असा समज सार्वत्रिक आहे. गाडीस अखेर थांबवितो तो टायर आणि रस्ता यांमधील पकडीचा लहानसा तुकडा. मूळचा ब्रेक चाक अडकविण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचू शकत असेल, आणि चांगल्या मोटारींत तो पोहोचतोच, तर मोठ्या चकतीने एका थांब्याचे अंतर घटत नाही. मोठी चकती देते ती निराळी गोष्ट: दहावा थांबा पहिल्याइतकाच खात्रीचा होतो. म्हणून जो मनुष्य लष्कराच्या बाजारातून आणि ठाटीपुराच्या वस्तीतून गाडी हाकतो, त्याला कारखान्याने ठरविलेल्या मापाची, उत्तम बिडाची साधी पोकळ चकती सर्वांत योग्य. वारंवार घाट उतरणाऱ्याने अधिक कार्बनयुक्त बिडाची, हवे तर खाचांची चकती घ्यावी. शर्यतीच्या मार्गावर गाडी नेणाऱ्याचा हिशेब निराळा. त्याने दोन तुकड्यांच्या चकतीचा विचार अवश्य करावा. केवळ पुढची चकती मोठी केली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल ढळतो आणि एबीएसची आखणीही त्यास जुळत नाही, हेही ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

जुनी चकती केव्हा काढावी, याचे उत्तर बहुधा तिच्यावरच कोरलेले असते. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा उठविलेला असतो; जाडी त्याखाली गेली की ती चकती थांबविण्यास नालायक ठरली, मग ती कितीही गुळगुळीत दिसो. नवी घेताना पेटीवरील झगमगाटापेक्षा तिचे माप आणि वजन पाहावे. मूळ जातीच्या नव्या चकतीशी ताजव्यात तोलून पाहिली आणि ती बरीच हलकी भरली, तर कोठे तरी बीड चोरले गेले आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. बदलीच्या चकत्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ९० व्या क्रमांकाचा नियम आहे. तो पाळल्याची खूण असलेला माल अधिक भरवशाचा. चकत्या एका आसावर जोडीनेच बदलाव्या आणि त्यांबरोबर पॅडही नवे घ्यावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे कोरडे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळले म्हणजे नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय तळाशी जातो आणि ब्रेक लागत नाही. कोणतीही मौल्यवान चकती मग उपयोगी पडत नाही. त्यामुळे तेलही दर दोन वर्षांनी बदलणे हिताचे.

बसविण्याची कामगिरीही तितकीच महत्त्वाची आहे. चाकाच्या हबवर गंजाचा एक बारीक कण राहिला तरी चकती तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटरांनंतर ब्रेक दाबताच सुकाणू थरथरू लागते. लोक म्हणतात, चकती वाकडी झाली. पुष्कळदा ती वाकलेली नसते. तिच्यावर पॅडचे द्रव्य असमान चिकटलेले असते किंवा जाडीत केसभर फरक पडलेला असतो. म्हणून हब घासून स्वच्छ करावा, बोल्ट ठरीव ताकदीने आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळावे. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, गाडी पुरती न थांबविता, काही वेळा हळूहळू वेग उतरवावा, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकांस सरावतात. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या चकतीवर तांबूस गंज दिसतो; त्यास भिण्याचे कारण नाही, दोन-चारदा ब्रेक दाबताच तो निघून जातो. आणि घाट उतरताना खालचा गिअर घालून इंजिनासही भार वाहू द्यावा. गाडीवान जे बैलांसाठी करी, तेच हे चकतीसाठी.

१९०८ सालच्या त्या चाचणीतील मोटारीस आजची कोणतीही सोय नव्हती. मागच्या चाकांवरील ड्रम आणि दांड्यावरील एक ब्रेक, एवढ्यावर ती सह्याद्री उतरली. याचे श्रेय यंत्राइतकेच चालकाच्या संयमास आहे, कारण आपल्या ब्रेकची मर्यादा ओळखूनच त्यास वेग ठरवावा लागत होता. आज ब्रेकचे सामर्थ्य अनेक पटींनी वाढले आहे, आणि त्यामुळेच ती मर्यादा दृष्टीआड झाली आहे. ती अजूनही आहे. बिडाच्या काही किलो वजनात, तेलाच्या उकळण्यात, पॅडच्या जाडीत ती लपलेली असते आणि उतारावर एकाएकी प्रकट होते. त्या क्षणी गाडीत बसलेली माणसे, आणि रस्ता ओलांडणारे अनोळखी लोक, यांचे प्राण चकतीच्या निवडीवर अवलंबून असतात. रस्त्याने जाणाऱ्या त्या अनोळखी माणसास गाडीची अश्वशक्ती ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असण्याचे त्यास कारणही नाही. त्याचा विश्वास एवढाच असतो की, येणारी गाडी थांबेल. नवी चकती विकत घेणारा मनुष्य त्या विश्वासाचीच किंमत मोजीत असतो.